गायरानातले वीरगळ जेसीबीनं उपटले. सरकारी जागा म्हणून कुणी विचारायचंच नाही का?

गायरानकाठ (धागाकर्ता)
रविवार, रात्री ९.४०

मंडळी, वाचतो रोज, धागा पहिल्यांदाच काढतोय. लांबलाय, सांभाळून घ्या.

गाव करवीर तालुक्यात, भोगावतीच्या अंगाला. नाव मुद्दाम लिहीत नाही. आमच्या गायरानात महादेवाच्या देवळामागं सात वीरगळ (लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मरणशिळा) आणि एक सतीशिळा (सती गेलेल्या बाईची) आहे. दोन सरळ उभे, बाकीचे कलंडलेले, एक तर गुडघ्याएवढाच वर. त्यांच्यावर बसून आम्ही गोट्या खेळलोय. तिथंच आता नळपाणी योजनेची टाकी मंजूर झालीय. शुक्रवारी जेसीबी आला. मी ड्युटीवर. संध्याकाळी येऊन बघतोय तर दोन वीरगळ उपटून बांधाला टाकलेले. त्यातला एक मोडलाय. खालचा लढाईचा कप्पा आहे, त्याच्यावरचा अप्सरा वीराला घेऊन चालल्यात तो कप्पा आहे. सगळ्यात वरचा, शिवलिंगाची पूजा आणि चंद्र-सूर्य असलेला तुकडा मात्र कुठंच नाही. शिवाय पायाच्या खड्ड्यातून आणखी एक शिळा निघालीय, जी गावात कुणी कधी बघितलेली नव्हती. मातीनं लडबडलीय, पण घोडा ओळखू येतोय.

मुकादमाला विचारलं तर म्हणाला, "जागा सरकारी, काम सरकारी, दगडं पण सरकारचीच. तुमचं काय गेलं?"

खरं सांगतो, उत्तर सुचलं नाही. तलाठ्याकडं गेलो, सातबाऱ्यावर दगडांची नोंद नाही म्हणाले. ठाण्यात गेलो तर मालक कोण, चोरी झालीय का, असं विचारलं. चोरी कसली, बांधावरच पडलेत.

शंभर वर्षांपेक्षा जुनं ते सगळं संरक्षित, अशी माझी समजूत होती. ती चूक आहे का? काम थांबलं पाहिजे असं नाही, पण उरलेले पाच तरी राहिले पाहिजेत. सोमवारी परत जेसीबी येणार आहे.

---

नादखुळा
रविवार, रात्री ९.५२

मुकादमाला म्हणावं, तुझ्या दारातला रस्ता पण सरकारीच हाय, उद्या नांगरतो.

---

कागदवाला
रविवार, रात्री १०.३०

महसुलात एकतीस वर्षं काढली, आता निवृत्त. जेवण करून बसलोय, सविस्तर लिहितो.

तुमची समजूत अर्धी बरोबर आहे. या अर्ध्यातच सगळी गोम आहे.

केंद्राचा कायदा १९५८ चा, प्राचीन स्मारके व पुरातत्त्वीय स्थळे व अवशेष अधिनियम. त्यात प्राचीन स्मारकाची व्याख्या अशी की, शंभर वर्षांहून जुनी इमारत, लेणं, शिलालेख, शिल्प, एकाच दगडाची उभी शिळा, सगळं येतं. म्हणजे तुमचा वीरगळ व्याख्येत फिट्ट बसतो. पण शिक्षेची कलमं लागतात ती 'संरक्षित' स्मारकाला, आणि संरक्षित म्हणजे राजपत्रात नाव छापून आलेलं. व्याख्येत बसणं वेगळं, यादीत असणं वेगळं. आपल्याकडं वाडग्याच्या वाडग्या भरून व्याख्येत बसतील, यादीत बोटावर मोजण्याइतके.

याद्या दोन. केंद्राची आणि राज्याची. राज्याचा कायदा १९६० चा, साचा तोच. जिल्ह्यातली उदाहरणं घ्या. पन्हाळा आणि खिद्रापूरचं कोपेश्वर केंद्राच्या यादीत, विशाळगड राज्याच्या. देशभरात मिळून केंद्राच्या यादीत चार हजारसुद्धा स्मारकं नाहीत. तुम्हीच बघा, एकट्या करवीर तालुक्यात वीरगळ किती निघतील.

आता जागेचं. जमीन महसूल संहिता १९६६, कलम २०. जे कुणाचं नाही ते राज्य शासनाचं. गायरान त्यातच. ग्रामपंचायतीकडं ते वापरायला आणि सांभाळायला असतं, मालकी शासनाची. त्यामुळं जागा सरकारी आहे एवढ्यानं दगडाला पुरातत्त्वाचं संरक्षण मिळत नाही. पण मुकादमाचं वाक्य मला फार आवडलं. दगड सरकारचे आहेत असं तो स्वतःच म्हणतोय ना? मग त्यानं सरकारची मालमत्ता फोडली. सार्वजनिक मालमत्तेच्या नुकसानीचा १९८४ चा वेगळा कायदा आहे. त्यात जाणूनबुजून केलं हे दाखवावं लागतं, आणि "आम्हाला काय माहीत" हीच त्यांची पळवाट असते. म्हणून उद्या सकाळी जेसीबी यायच्या आत ग्रामसेवक, ठेकेदार आणि तहसीलदार तिघांना लेखी पत्र द्या, पोच घ्या. फोटो जोडा. पत्र पोचलं की त्यानंतर "माहीत नव्हतं" म्हणता येत नाही. काम अडवा, भांडा असलं काही सांगत नाही. फक्त पोच घ्या.

---

गायरानकाठ
रविवार, रात्री १०.४१

काका, नमस्कार करतो. पत्र लिहायला घेतो.

---

सांगलीचा पाहुणा
रविवार, रात्री ११.०५

दोन याद्या का हे आम्हाला कुणी शिकवलंच नाही. खिद्रापूरला गेलं की निळा बोर्ड दिसतो, स्मारक राष्ट्रीय महत्त्वाचं आहे, हानी केल्यास शिक्षा वगैरे. आमच्या गावातलं देऊळ त्याच्याच तोडीचं असून बोर्ड नाही. आतून ऑइल पेंट मारलाय, गुलाबी. कोपेश्वराच्या स्वर्गमंडपाखाली उभं राहून वर बघितलं की त्या गोल झरोक्यातून आभाळ दिसतं, आणि मग आमचा गुलाबी गाभारा आठवून पोटात कालवतं.

---

कागदवाला
रविवार, रात्री ११.२०

@सांगलीचा पाहुणा, घटनेतच वाटणी आहे. संसदेनं राष्ट्रीय महत्त्वाची ठरवलेली स्मारकं संघसूचीत, नोंद ६७. बाकीची राज्यसूचीत, नोंद १२. शिवाय राष्ट्रीय महत्त्वाची नसलेली पुरातत्त्वीय स्थळं समवर्ती सूचीत, नोंद ४०. म्हणजे तुमच्या गुलाबी गाभाऱ्याकडं बघायला राज्य आहे. बघतंय का, हा निराळा प्रश्न. आधी प्राथमिक अधिसूचना निघते, तिची प्रत जागेवर लावतात, दोन महिने हरकती घेतात, मग अंतिम. म्हणजे टाकीचं काम संपून पाणी सुटेल, तरी अधिसूचना यायची नाही. त्यामुळं @गायरानकाठ यांनी अर्ज जरूर करावा, पण उद्याच्या जेसीबीसाठी त्याच्यावर विसंबू नये.

---

तीन दरवाजा
सोमवार, सकाळी ७.१५

सगळे संरक्षण संरक्षण म्हणताय, म्हणून संरक्षणात राहणाऱ्याचं पण ऐका. मी पन्हाळ्यावर राहतो. आजोबा, पणजोबा इथलेच. गडावर नगरपरिषद आहे, शाळा आहे, दवाखाना आहे, माणसं आहेत. संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवीन बांधकाम बंद, पुढचे २०० मीटर परवानगीनं. हे १९९२ च्या अधिसूचनेनं आलं आणि २०१० च्या दुरुस्तीनं कायद्यातच बसवलं. त्याच दुरुस्तीनं शिक्षा पण वाढली. आधी तीन महिने किंवा पाच हजार दंड होता, तो दोन वर्षं किंवा एक लाख झाला.

आता आमच्या घराचं सांगतो. स्वयंपाकघरावरची मंगळुरी कौलं फुटली, रीप कुजली. पन्हाळ्याचा पाऊस तुम्हाला माहीत आहे, आडवा येतो. घर १९९२ च्या आधीचं असेल तर दुरुस्तीला परवानगी मिळते, कायद्यात तशी सोय आहे. पण त्यासाठी घर जुनं असल्याचे पुरावे, नकाशे, फोटो, अर्ज. एका एजंटानं "मी करून देतो" म्हणून पैसे घेतले आणि फोन उचलायचा बंद केला. दोन पावसाळे आईनं पातेल्यात पाणी धरलं. शेवटी स्वतःच अर्ज भरला, मग मिळाली परवानगी. चूक आमचीच, आधीच स्वतः भरायला पाहिजे होता. पण साधा माणूस हे कसं करणार?

२०२५ च्या जुलैत बारा किल्ल्यांमधला एक म्हणून पन्हाळा जागतिक वारशात गेला. फटाके आम्ही पण उडवले. दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर पहिला प्रश्न हाच निघाला, की आता आणखी काय काय बंद होणार?

वीरगळ वाचले पाहिजेत हे मान्य. फक्त त्या गायरानाच्या शेजारी कुणाचं घर असेल तर अधिसूचना मागायच्या आधी त्याला पण विचारा.

---

नादखुळा
सोमवार, सकाळी ७.४०

@तीन दरवाजा भावा, खरं बोललास. सरकारला स्वतःला पण ते १०० मीटर नडलंच की. रस्ता, पूल काय करायचं म्हटलं की अडतंय.

---

तीन दरवाजा
सोमवार, सकाळी ७.५८

म्हणूनच २०१८ च्या सुरुवातीला लोकसभेनं दुरुस्ती मंजूर केली होती, १०० मीटरच्या आत केंद्राच्या सार्वजनिक कामांना वाट द्यायची. राज्यसभेत जाऊन अडकली. गंमत बघा, सवलत निघाली ती सरकारच्या कामाला, आमच्या कौलाला नाही.

---

आक्काताई
सोमवार, सकाळी ९.३०

मी पण त्याच पट्ट्यातली. धागाकर्ता म्हणतोय ते गाव कुठलं हे मला कळलंय, सांगत नाही.

दगडांचं कौतुक वाचून बरं वाटलं, पण उन्हाळ्यात आमच्याकडं चौथ्या दिवशी पाणी येतं. टाकी झाली नाही तर भोगायचं बायकांनी. वीरगळ म्हणून तुम्ही ज्याचे फोटो काढताय त्यातल्या एकावर आम्ही गोधड्या धुतल्यात. आडवा पडलेला असायचा, पाठ सपाट, धुणं आपटायला बरा. कुणी सांगितलं नाही की हा कुणाच्या तरी मरणाचा दगड आहे. सतीशिळेचं मात्र माहीत होतं. कोपरात वाकलेला हात, हातात चुडा. आमच्या सासूबाई तिला नवरीबाई म्हणायच्या, लग्न झालेली पोर पहिल्या खेपेला आली की तिथं हळदीकुंकू. तिला कुणी हात लावणार नाही बघा. जेसीबीवाल्यानं पण तिला सोडलंच की नाही?

टाकी पण पाहिजे आणि दगड पण. खड्डा पंधरा फूट सरकवला तर काय बिघडतंय? गायरान काय एवढंसंच आहे?

---

गायरानकाठ
सोमवार, सकाळी १०.१०

वहिनी, अगदी. सतीशिळा जागच्या जागी आहे. चालकानं बकेट तिच्याभोवतीनं फिरवून घेतलीय, खुणा दिसतात मातीत. तुमची धुण्याची शिळा म्हणजे तोच मोडलेला.

पत्रं दिली, तिन्ही पोच मिळाल्या. आजच्या पुरतं काम थांबलंय, पण डिझेल संपलंय म्हणून, माझ्या पत्रानं नाही.

---

टाऊनहॉलची पायरी
सोमवार, दुपारी १.०५

इतिहास शिकवतो, म्हणून थोडं विषयाच्या आजूबाजूचं.

आपण गावाला नावं ठेवतोय, कोल्हापूर शहरानं काय केलं? गंगावेश, रंकाळा वेस, वरुणतीर्थ वेस, आदितवार, मंगळवार, शनिवार वेस. रिक्षावाला नाव घेतल्यावर बरोबर नेतो, पण उतरलात की वेस नाही. वरुणतीर्थ म्हणजे आजचं गांधी मैदान. कपिलतीर्थावर आपण मेथीची जुडी घेतो. तीर्थ बुजवून मंडई केली तेव्हा पण जागा सार्वजनिक आणि काम सार्वजनिकच होतं.

उलटं उदाहरण पण आहे. पंचगंगेच्या काठची ब्रह्मपुरीची टेकडी. १९४५-४६ मध्ये डेक्कन कॉलेजच्या सांकलिया आणि दीक्षितांनी तिथं उत्खनन केलं. सातवाहन काळातली वस्ती, कुर या इथल्या जुन्या राजांची नाणी, आणि ब्रह्मपुरीच्याच ब्राँझच्या वस्तूंमधला तो पोसायडन, रोमन जगातला समुद्रदेव. वीतभरही उंच नाही, पण उभा राहण्याची ऐट बघा. समुद्रापासून घाट चढून हा देव पंचगंगेवर कसा आला, यावर मी पोरांना आख्खा तास देतो. या वस्तू ठेवायला १९४६ मध्ये संग्रहालय निघालं, तेच आज टाऊन हॉलमध्ये आहे. राज्याच्या पुरातत्त्व खात्याचंच आहे, तेव्हा @गायरानकाठ, तुमच्या पत्राची एक प्रत तिथं पण द्या. पुण्या-मुंबईला जायची गरज नाही, भवानी मंडपातून चालत दहा-पंधरा मिनिटं.

एक महत्त्वाचं. खड्ड्यातून शिळा निघाली म्हणून उत्साहानं आणखी खणू नका. उत्खननाला परवाना लागतो. राज्य सरकारलासुद्धा केंद्राची आधी संमती घ्यावी लागते, तिथं तरुण मंडळ कुठं?

---

विहीरबाग
सोमवार, दुपारी ३.३०

कसबा बीडजवळचा मी. आमच्याकडं पावसात सोन्याची बारकी नाणी सापडतात, हे जिल्ह्याला माहीत आहे. चांगला पाऊस झाला की माणसं खाली बघून चालतात. आमच्या आजोबांचं म्हणणं, सापडलं तर देव्हाऱ्यात ठेवायचं, विकायचं नाही. पण कायदा काय म्हणतो हे आजवर नीट कळलेलं नाही. सापडलं तर सरकारजमा असं कोण म्हणतं, सापडेल त्याचं असं कोण म्हणतं. @कागदवाला काका, इस्कटून सांगा.

---

कागदवाला
सोमवार, संध्याकाळी ६.१५

याचीच वाट बघत होतो. भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८. इंग्रजांचा, अजून लागू.

निधी म्हणजे जमिनीत दडलेली, किंवा जमिनीला जोडलेल्या कशात दडलेली, किंमत असलेली कुठलीही वस्तू. सोनंच पाहिजे असं नाही. किंमत दहा रुपयांच्या वर असली की सापडणाऱ्यानं जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं. काय सापडलं, अंदाजे किंमत, कुठं, कधी. वस्तू जवळच्या सरकारी कोषागारात जमा करायची किंवा जामीन द्यायचा. १८७८ मध्ये दहा रुपयांना बैल येत असेल, आज दोघांचा चहा होतो, पण आकडा तोच आहे.

मग जिल्हाधिकारी जाहीर नोटीस काढतात, चार ते सहा महिन्यांच्या दरम्यानची तारीख देऊन दावेदार बोलावतात. वस्तू शंभर वर्षांच्या आत कुणी पुरलेली निघाली तर पुढचं दिवाणी कोर्टात ठरतं. तसं नसेल तर ती बेवारस. बेवारस ठरली की सापडणाऱ्याला तीन हिस्से, जागेच्या मालकाला एक, वेगळा करार नसेल तर. आणि शासनाला ती ठेवून घ्यायची असेल तर धातूची किंवा मालाची किंमत अधिक तिचा पाचवा हिस्सा देऊन घेता येते. म्हणजे "सरकारजमा" पण चूक आणि "सापडेल त्याचं" पण चूक. कळवलं नाही तर मात्र हिस्सा जातो, वर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. आजोबांचा देव्हारा भावनेनं बरोबर, कायद्यानं अडचणीचा.

आता @गायरानकाठ, नीट वाचा. उघड्यावर असलेले सात वीरगळ 'दडलेले' नाहीत, त्यांना हा कायदा ओढूनताणून पण लागत नाही. पण खड्ड्यातून निघाली ती घोड्याची शिळा? ती जमिनीत दडलेली होती. किंमत दहा रुपयांच्या वर आहे यावर कुणी वाद घालणार नाही. म्हणजे तुमच्या गावात ज्या शिळेला आजवर कुणी पाहिलं नव्हतं तिलाच सगळ्यात पक्का कायदा लागतो, आणि शंभर पिढ्यांनी पाहिलेल्या सात जणांना नाही. उद्या जिल्हाधिकारी कार्यालयात आवक-जावकला १८७८ च्या कायद्याचा उल्लेख करून पत्र टाका. कळवायची जबाबदारी सापडणाऱ्याची, म्हणजे ठेकेदाराच्या माणसांची, हे पण लिहा. कुणाला अडकवायचं म्हणून नाही. पंचनामा करायला मंडळ अधिकारी येतील तेव्हा त्या शिळेबरोबर बाकीच्या सात पण कागदावर येतील. आपल्याला हवंय ते तेवढंच.

---

नादखुळा
सोमवार, संध्याकाळी ६.२८

काका जगात भारी. पण शंभर पिढ्या जास्त झाल्या, वीरगळ आठ-नऊशे वर्षांचा असतोय.

---

कागदवाला
सोमवार, संध्याकाळी ६.३१

मान्य. रागाच्या भरात लिहिलं. तीस-पस्तीस धरा.

---

पडवळ
सोमवार, रात्री ८.००

आमचा मुलगा अ‍ॅरिझोनात आहे. तिथं गेलो होतो तेव्हा एका सरकारी रानात खापराचा रंगीत तुकडा दिसला, उचलायला वाकलो तर त्यानं हातच धरला. म्हणाला, बाबा, इथं नाही. त्यांच्याकडं १९०६ पासून कायदा आहे आणि १९७९ मध्ये आणखी कडक केला. केंद्र सरकारच्या जमिनीवर शंभर वर्षांहून जुनं पुरातत्त्वीय महत्त्वाचं काहीही, यादीत नाव असो नसो, परवान्याशिवाय काढायचं नाही. म्हणजे तिकडं जमीन सरकारी आहे म्हणूनच वस्तू सुरक्षित, आणि इकडं मुकादम म्हणतो, सरकारी आहे म्हणूनच मोकळी. खासगी जमिनीवर मात्र त्यांचा तो कायदा ढिला आहे, तेव्हा सगळं सोनं तिकडं असं पण नाही.

---

व्यवस्थापक
सोमवार, रात्री ८.४५

दोन सूचना. विशाळगडाच्या अतिक्रमणावरचे सहा प्रतिसाद उडवले आहेत. तो विषय इथं नको, आणि त्या भाषेत तर कुठंच नको. दुसरं, एका सदस्यानं शेजारच्या तालुक्यातल्या मूर्तीचा फोटो ठिकाणासकट टाकला होता, तोही काढला. निर्जन जागच्या मूर्तींचा पत्ता जाहीर लिहू नका. १९७२ च्या कायद्यानं शंभर वर्षांवरच्या वस्तू देशाबाहेर न्यायला खासगी माणसाला बंदी आहे, पण रात्रीत टेम्पोत घालणारा कायदा वाचून येत नाही.

---

टाऊनहॉलची पायरी
सोमवार, रात्री ९.२०

पंचनाम्याच्या आधी एवढं करून ठेवा. प्रत्येक दगडाचा समोरून, मागून आणि दोन्ही बाजूंनी फोटो, शेजारी शाळेची फूटपट्टी उभी करून. उंची, रुंदी, जाडी. कप्पे किती, कुठल्या कप्प्यात काय. तोंड कुठल्या दिशेला. आणि हात जोडून सांगतो, धुऊ नका, तारेचा ब्रश नको, शेंदूर नको, अक्षरं दिसावीत म्हणून खडू किंवा चुना भरू नका. संवर्धन म्हणून सिमेंटच्या ओट्यात पक्के बसवणारी मंडळं मी पाहिलीत. तळाची ओळ त्या ओट्यात कायमची गेली.

अक्षरं आहेत का बघायचं असेल तर रात्री जा. बॅटरी समोरून नाही, कडेनं दगडाला घासून धरल्यासारखी आडवी धरा. दिवसा न दिसणारं दिसतं.

---

गायरानकाठ
मंगळवार, रात्री ११.५०

आत्ताच आलोय गायरानातून. झोप लागणार नाही म्हणून लिहितो.

आज आधी पुरातत्त्वाच्या कार्यालयात आणि मग जिल्हाधिकारी कार्यालयात पत्र दिलं. दुपारी मंडळ अधिकारी आले. बाई होत्या, चपला काढून चिखलात उतरल्या, स्वतः टेप धरला. पंचनाम्यात आठ शिळा आणि एक सतीशिळा आली. तलाठी पण बरोबर होते, ते म्हणाले ग्रामपंचायतीच्या मालमत्ता रजिस्टरला नोंद घ्यायला ठराव करा, मग पुढचा तलाठी बदलून आला तरी कागद राहतो. टाकीचे अभियंते पण आले होते. मी भांडायच्या तयारीनं गेलो होतो, तर ते म्हणाले, मला जागा दाखवली तेव्हा गवत कमरेएवढं होतं, दगड दिसलेच नाहीत. खड्डा देवळाच्या उत्तरेला घेतो म्हणाले, उलट तिथं मुरूम चांगला लागतोय. @आक्काताई वहिनी, पंधरा नाही, चाळीस फूट सरकला.

आणि रात्री मी, चुलतभाऊ आणि त्याची पोरगी बॅटरी घेऊन गेलो. सरांनी सांगितलं तशी आडवी धरली. सहा दगडांवर काही नाही. घोड्याच्या शिळेची माती वाळून खपली झाली होती, ती आपोआप सुटली होती तेवढ्यात दोन कप्प्यांमधल्या पट्टीवर ओळ दिसली. देवनागरी नाही. गोल गोल अक्षरं. पोरगी आठवीत आहे, ती म्हणाली, काका, हे एसटीच्या निपाणी गाडीच्या पाटीसारखं दिसतंय.

---

टाऊनहॉलची पायरी
बुधवार, सकाळी ६.०५

पोरीला माझ्याकडून शंभर रुपये द्या. हळेकन्नड असणार, म्हणजे जुनी कन्नड. शिलाहार राजांच्या काळात आपल्याकडं कन्नड लेख भरपूर आहेत, त्यात नवल काही नाही. फोटो इथं टाकू नका, मला खासगी निरोपात पाठवा. ठसा घ्यायला जाणकार माणूस घेऊन येतो. तोवर माती काढू नका, एक कणसुद्धा.

---

तीन दरवाजा
बुधवार, सकाळी ८.१०

अभिनंदन. देवळामागची दोन घरं कुणाची आहेत? त्यांना सांगितलंत का?

---

गायरानकाठ
बुधवार, सकाळी ८.२५

एक चुलत्यांचं, एक बंद आहे. चुलत्यांना तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. ते म्हणाले, रजिस्टरला नोंद करा, खात्याला पत्र द्या, पण अधिसूचना मागायच्या आधी मला माडी चढवून घेऊ दे. हसलो आम्ही, पण ते चेष्टेत बोलत नव्हते.

---

आक्काताई
बुधवार, दुपारी १२.४०

आणि मोडलेल्याचा वरचा तुकडा? चंद्र-सूर्याचा?

---

गायरानकाठ
बुधवार, संध्याकाळी ७.००

सापडला वहिनी. दोन दिवस मी बांध, ओढा, ट्रॉली सगळं धुंडाळत होतो. काँक्रीटचा मिक्सर उतारावर उभा आहे ना, त्याच्या मागच्या चाकाखाली अडण म्हणून लावलाय. पालथा. मिक्सरवाल्या पोरानं मी वाकून बघताना विचारलं, "काय हाय त्याच्यात?" उलटा करून दाखवता येत नव्हता, म्हणून बोटानं कड चाचपायला लावली. चंद्रकोर हाताला लागल्यावर तो गप्प झाला. म्हणाला, उद्या सकाळी दुसरं काहीतरी आणा, हा काढून देतो, नुसता ओढला तर मिक्सर खाली जाईल.

फोटो काढलेत, मंडळ अधिकाऱ्यांना फोन केलाय, त्या म्हणाल्या माझ्यासमोर काढा, साडेसातला पोचते. घरचा जुना सागवानी ओंडका नेतोय. जवळपासचे कोण असतील तर चार माणसं लागतील, पहार आणि काथ्याचा दोर घेऊन या. लोखंडी साखळी नको.